रविना बसली की गाडी बंद

हॅलो, गाडीच्या रिमोटचा सेल गेलेला नाय रे नितीन! नवा टाकला, तुझ्याच दुकानातला. मुरबाडला तुझ्या दारात रिमोट चालला, तू दात काढलेस. "वहिनीला गाडी चावते काय, भिमादादा?" बोलतो! अरे, तुझ्या दारात रविना कुठं व्हती गाडीत?

ठेव फोन! बसा धाऊमामा. बाईजा तुमच्या पोरीची पिशवी भरतेय, तवर ऐका. लाईट गेलीय, कंदील असू द्या मधी. उद्या गाव बोलंल, सूरज मेला आणि भिमानं भावाच्या बायकोला दवाखान्यात नेली नाय. डाक्टर बोललाय, पोर आडवा हाय, कळांची वाट बघू नका.

सकाळी तिला गाडीत बसवली. रिमोट दाबला... काय नाय. चावी फिरवली, इंजान मुका. रिमोटनं अलार्म उघडला नाय, तर तो करंटच तोडतो. बॅटरीची वायर काढून परत लावली. दाबून दाबून अंगठा दुखला. रविना खाली उतरली, लगेच टुईं! गाडी चालू. परत बसवली, टुईं, बंद. मी गाडीला लाथ घातली. बाईजा हळूच बोलली, "लाथ नका मारू. सूरजभावजी हिच्यातच गेले..."

गेला. कापणीला साप डसला, ह्याच गाडीतनं नेत व्हतो, वाटेत गेला. मग?

नितीन फोनवर बोलतो, "दुसऱ्या रिमोटचा बटण कुठं दाबून राहिला असंल. तवर तुझा चालणार नाय." दुसरा रिमोट सूरजच्या खिशात! आमच्यात पुरतात, तुमाला ठाऊक. गाडीवर जीव त्याचा, म्हणून मीच घातला वरच्या खिशात.

दुपारी कुदळ घेऊन गेलो. एकटाच. सिद्धगडाकडनं वारा येत व्हता, त्यात तो वास... आणि मी बोंबलतोय, "मेलास तरी गाडी सुटत नाय तुला? बायको मारशील, पोर मारशील!"

खिसा रिकामा, मामा.

रिमोट मुठीत व्हता. अंगठा बटणावर... दाबलेला. एकेक बोट सोडवला. झाकण उघडला. आत सेल नाय. नुसती माती.

दगडावर ठेचला. माती लोटली, घरी आलो, रविनाला बसवली.

बंद.

"मग अलार्मच काढून टाक ना, भिमा."

काढायलाच नितीनला बोलावला, मामा. उद्या येतो बोलतो. उद्या! पोटातला पोर थांबणार हाय का त्याच्यासाठी? म्हणून तुमाला टोकावड्याहून बोलावला. तुमची जीप जुनी, रिमोट नाय, काय नाय. चावी फिरवा न् निघा.

ती बघा आली. सावकाश गो रविना. बाईजा, हात धर तिचा. पुढं बसव, बापाशेजारी. बसा मामा तुमी पण. हां... दार लाव.

टुईं.

...मामा, जीपला अलार्म कधी लावलात?

"नाय रे लावला... तुझ्या गाडीचा असंल."

माझ्या गाडीची बॅटरी काढून ओटीवर ठेवलीय. ती काय, कंदिलाच्या बाजूला.

चावी नका फिरवू मामा. पोरीला खाली उतरवा.