पाच ठोके आणि दोन

आधीच सांगतो, शुद्धलेखनाच्या चुका होतील. शाळा आठवीत सुटली, त्यानंतर हातात पेन आलं ते सही करण्यापुरतं. शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्यावं. ‘मी’ असं लिहायला हात धजत नाही, म्हणून ज्याच्या बाबतीत हे घडलं त्याला ‘तो’ म्हणतो. इथली माणसं त्यांच्या भाषेत बोलतात, ते मी आपल्या भाषेत लिहिलं आहे.

तर तो आणि त्याची बायको परक्या देशातल्या त्या गावात राहायला आले, तेव्हा शेळ्या तेवीस होत्या, शेजारची घरं चार होती आणि दोघांच्या अंगात त्राण म्हणाल तर काही उरलं नव्हतं. नऊ वर्षं त्यांनी तिथल्या शहरांत काढली होती. त्याने गोदामात खोकी उचलली, तिने लोकांच्या फरशा पुसल्या. सहा घरं बदलली. मग दूध संघाच्या एका माणसाने या शेताचं सांगितलं. डोंगराच्या पायथ्याशी दगडी घर, मागे गोठा. मालकीण आजी वृद्धाश्रमात गेल्या होत्या आणि शेळ्यांकडे बघायला कोणी नव्हतं. अट एकच होती. शेळ्या नीट सांभाळल्या तर घर तुमचं. त्या कमी व्हायला लागल्या तर आम्ही दुसरं माणूस बघू.

सामान आत टाकल्यावर बायको पायरीवरच बसली. म्हणाली, “हे सातवं घर. आता मी एकही खोकं बांधणार नाही. तुला जायचं तर खुशाल जा. मी आणि शेळ्या राहू.”

“शेळ्यांनी ठेवून घेतलं तर.”

“तुला चालवून घेतील, मग मला काय झालं?”

कित्येक महिन्यांनी ती हसली होती. ते हसू त्याने मनात नीट ठेवून दिलं.

शेजारी म्हणजे जीव लावणारी माणसं. पलीकडच्या घरात एक निवृत्त पोस्टमन राहायचे, पोस्टमनकाका. “तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, आता बातम्या वाटतो,” असं स्वतःच सांगायचे. त्यांची बायको, मावशी, दर दोन दिवसांनी गरम पाव फडक्यात गुंडाळून आणायची. कोणी लाकडं आणून टाकायचं, कोणी न सांगता कुंपण नीट करून जायचं. कडी वाजवायची पद्धत नव्हती. दार लोटायचं, आत यायचं, खुर्ची ओढून बसायचं.

शेळ्या दिवसभर डोंगरावर मोकळ्या चरायच्या. संध्याकाळी त्यांना बोलवायचं कसं, ते काकांनीच शिकवलं. फाटकाशेजारी तारेला नांगराचा जुना फाळ टांगलेला होता. काकांनी लोखंडी खिळा घेऊन पाच ठोके भराभर मारले. मग थांबले. एक श्वास जाईल एवढं थांबून आणखी दोन मारले, सावकाश, लांब.

“असंच. आजी अकरा वर्षं असंच वाजवायची. यात फरक करायचा नाही. शेळ्यांना तेवढंच कळतं.”

खरंच होतं ते. पाच ठोक्यांना शेळ्या माना वर करायच्या, पण जागच्या हलायच्या नाहीत. शेवटचे दोन पडले की मग घंटांचा किणकिणाट करत रांगेने खाली यायच्या. तो फाटकात उभा राहून मोजायचा. तेवीस. मग धार काढायची, बादल्या गाळायच्या, गव्हाणीत चारा टाकायचा. पाठ मोडायची, पण झोप लागायची.

पानं गळायला लागली तसं धुकं उतरू लागलं.

पहिल्या धुक्याच्या संध्याकाळी त्याने वाजवलं. शेळ्या आल्या. तेविसावी आत आली तरी वाटेवर पावलं वाजतच राहिली. माणसाची पावलं. वर वळणापाशी कोणीतरी उभं होतं, जाड कोट, खांदे खाली पडलेले. काकाच असतील म्हणून त्याने हात केला. त्या माणसाने हात केला नाही. तो तिथेच उभा राहिला, दमलेला माणूस चढ संपल्यावर उभा राहतो तसा. मग धुकं दाटलं आणि वळण दिसेनासं झालं.

चार दिवसांनी पुन्हा धुकं आलं. या वेळी तो माणूस फाटकाच्या बाहेर होता. चेहरा दिसत नव्हता. भिजलेल्या लोकरीचा वास तेवढा येत होता, आणि धाप.

“कोण आहे?... काका?”

धाप तशीच चालू राहिली. शेळ्या मात्र शांत होत्या. त्यांतली म्हातारी शेळी, जी परक्या माणसाला शिंग दाखवल्याशिवाय सोडत नसे, ती मान वळवून ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

तिसऱ्या वेळी तो माणूस फाटकाच्या आत आला. अंगणात, पाण्याच्या टाकीपाशी. याने धार काढायच्या जागेवरून मान वर केली नाही. कासेखाली बादली धरून हा बसला होता, बोटं सडांवर तशीच थांबली होती, आणि मागून तो श्वास येत होता... आत ओढलेला, अडकलेला, सुटलेला. कित्येक कोस चालून आलेल्या माणसाचा. मग श्वास थांबला. याने वळून बघितलं. अंगण रिकामं होतं. टाकीजवळची माती बुटांनी दबलेली होती. परत गेल्याचा एकही ठसा नव्हता.

बायकोला त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग आता काय, पुन्हा खोकी?

त्याने आपल्या परीने एक उपाय केला. पुढच्या धुक्यात फक्त पाच ठोके मारले आणि खिळा खिशात घातला. शेळ्या आल्या नाहीत. वर कुठेतरी घंटा एकदाच वाजून गप्प झाल्या. त्या थांबल्या होत्या, उरलेल्या दोन ठोक्यांसाठी. अंधार पडायच्या आत तो स्वतःच कंदील घेऊन वर चढला आणि ओढून-ढकलून त्यांना खाली आणलं. बावीस भरल्या. तेविसावी सकाळी ओहोळात सापडली, पाय मोडलेला.

दूध संघाचा माणूस बघून गेला. वहीत काहीतरी लिहिलं.

“काल उरलेले दोन का नाही वाजवलेस?” बायकोने विचारलं. ती शेळीच्या पायाला पट्टी बांधत होती. “पाच ऐकू आले मला. मग तू थांबलास. का?”

“विसरलो.”

“विसरलास?” तिने पट्टीची गाठ आवळली. “आपण इथून हललो ना, तर मी परत उभी राहायची नाही रे. एवढं लक्षात ठेव.”

दुपारी तो काकांकडे गेला. मावशी कणीक मळत होती.

“ते शेवटचे दोन ठोके कशासाठी आहेत?” त्याने विचारलं.

“शेळ्यांसाठी,” काका म्हणाले. “दुसरं कशासाठी असणार?”

मावशीचे हात थांबले. “नाही हो,” ती नवऱ्याला हळूच म्हणाली. “ते त्याच्यासाठी होते. पहिल्या वर्षी आपण सगळे म्हणायचो ना, बिचारी नवऱ्याला हाका मारतेय. मग रोजचंच झालं. आपल्याही ध्यानातून गेलं.”

काकांनी चष्मा काढला. अकरा वर्षांपूर्वी आजींचा नवरा धुक्यात एक हरवलेली शेळी शोधायला वर गेला होता. शेळी दुसऱ्या दिवशी आपणहून परत आली. माणूस आला नाही. अख्ख्या गावाने डोंगर पालथा घातला होता. आजी रोज पाच ठोके शेळ्यांसाठी मारायच्या आणि दोन त्याच्यासाठी. शेळ्या काय, त्यांनी सगळं मिळून एकच समजलं. गावानेही.

“आम्ही तुला चुकीचं शिकवलं की काय?” काकांनी विचारलं. त्यांचा चेहरा इतका उतरला, की याला खरं सांगवेना. सहज विचारलं, असं म्हणून तो उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुधाची गाडी घेऊन वृद्धाश्रमात गेला. आजी खिडकीशी बसल्या होत्या. पायांवर घोंगडी, हात मांडीवर. याने नाव-गाव सांगायच्या आत त्यांनी त्याच्या बुटांकडे बघितलं.

“माझ्या अंगणातली माती आहे ती,” त्या म्हणाल्या. आणि मग, “कुठवर आलाय?”

“अंगणात... टाकीपाशी.”

“दमलेला वाटतो?”

“हो.”

आजींनी डोळे मिटले. “माझ्या वेळी फाटकाच्या आत कधी आला नाही. तिथेच उभा राहायचा. मीच म्हणाले होते, शेळी घेतल्याशिवाय घरात पाय ठेवू नकोस. भांडण झालं होतं आमचं. फाटक कोणी उघडं टाकलं, एवढ्यावरून.” त्यांनी पायांवरची घोंगडी सारखी केली. “शेळी आली रे, ये आता... असं सांगायला वाजवायचे. पण माझा शब्द त्याला आडवा येत होता. तू त्याला काही बोलला नाहीस. म्हणून तुझ्या ठोक्यांना आत येतोय.”

“मी काय करू, आजी? घर सोडता येत नाही. वाजवलं नाही तर शेळ्या येत नाहीत.”

“घाबरू नकोस. दार उघडं दिसलं म्हणून तो आत घुसायचा नाही. तसा स्वभावच नाही त्याचा. कोणी ‘या’ म्हणालं तरच येईल.”

परतीच्या वाटेवर धुकं लागलं. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने न्यावी लागली. लांबून त्याने ते ऐकलं. पाच भराभर. मग एक श्वास जाईल एवढी शांतता. मग दोन.

त्याला उशीर झाला म्हणून बायकोने वाजवलं होतं.

तो पोचला तेव्हा फाटक लावलेलं होतं, शेळ्या आत होत्या, घरात दिवा होता. बायको चुलीपुढे होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

“हळू. आजोबा झोपलेत.”

“कोण आजोबा?”

“शेजाऱ्यांकडचे कोणी पाहुणे असतील. शेळ्यांच्या मागोमाग आले. केवढे दमले होते, उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, या, आत या, बसा. काही बोलले नाहीत. मागच्या खोलीत खाट दाखवली, तर बुटांसकट आडवे झाले.” तिने त्याचा चेहरा बघितला. “काय झालं? ओळखतोस का त्यांना?”

त्याने दिवा उचलला. मागच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत भिजलेल्या लोकरीचा वास कोंडला होता. खाटेवर कोणी नव्हतं. पांघरूण बाजूला झालं होतं, उशीला खळगा पडला होता. त्या खोलीला खिडकी नाही, दुसरं दारही नाही. तो उंबऱ्यातच उभा राहिला आणि त्याला तो श्वास ऐकू आला. आता त्यात धाप नव्हती. झोपलेल्या माणसाचा श्वास होता तो, सावकाश, भरलेला.

तेव्हा त्याने बायकोला सगळं सांगितलं. चुलीजवळ बसून, हळू आवाजात, मागच्या खोलीतल्या माणसाची झोप मोडू नये अशा बेताने. ती रडली नाही, ओरडली नाही. शेवटी म्हणाली, “मी त्यांना या म्हटलंय. आता जा म्हणणार नाही. आणि आपणही जायचं नाही.”

“मग?”

“त्यांच्या माणसाला आण.”

सकाळी उजाडताच त्याने गाडी काढली. वृद्धाश्रमातल्या बाईंनी कागदावर सही घेतली. आजींना त्याने उचलूनच गाडीत बसवलं. वजन असं काही नव्हतंच. घरी आल्यावर बायकोने त्यांना धरून मागच्या खोलीत नेलं आणि तो गोठ्यात गेला, कारण धारेची वेळ टळून गेली होती आणि शेळ्यांना असलं काही कळत नाही.

नऊ शेळ्या झाल्या असतील, तेव्हा बायको दारात येऊन उभी राहिली.

“आजी म्हणतात, आणखी एक खाट लागेल.”

“का? आहे की तिथे एक.”

“मीही तेच म्हटलं.” तिचा आवाज खाली गेला. “तर म्हणाल्या, हा अख्खी खाट अडवून झोपलाय. जागाच नाही...”

“तुला दिसले?”

“नाही. मला खाट रिकामीच दिसली.”

त्याने बादली झाकली, हात धुतले आणि माळ्यावरची पट्ट्यांची जुनी खाट काढली. ती मागच्या खोलीत भिंतीला लावून दिली. आजी तिच्यावर आडव्या झाल्या. खाट जराही वाकली नाही. शेजारच्या रिकाम्या खाटेच्या मधल्या पट्ट्या मात्र जमिनीला टेकल्या होत्या.

आजींनी खुणेनेच दार ओढून घ्यायला सांगितलं. त्याने ते ओढलं आणि गोठ्यात परत गेला. चौदा शेळ्यांची धार अजून राहिली होती.