न वाळलेलं चित्र

"ड्रिलचं टोक माझ्या मांडीखाली आहे," दारात बसलेला ठोंब्या ताईकडे बघून कुजबुजला. "लवकर आटप, टोचतंय."

बाहेर गाडीत टोक शोधत, चित्रं न्यायला आलेला मुकादम सगळ्यांवर डाफरत होता. टोकाशिवाय चित्राच्या पेटीचं झाकण बसणार कसं?

आई जाऊन दोन महिने झाले होते आणि तिची चित्रं आज प्रदर्शनाला निघाली होती. ताईला मात्र कशाचंच काही वाटत नव्हतं. रडूसुद्धा आलं नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटायची. बाबा तर काहीही विचारलं तरी नुसते "हो, हो" म्हणायचे.

थोड्या वेळापूर्वी आईचं शेवटचं चित्र मुकादमाने प्लास्टिकमध्ये गुंडाळलं होतं, तेव्हा धाकटी पिटुकली म्हणाली, "ताई, प्लास्टिकला निळं लागलंय."

"काका, रंग ओला आहे," ताईने सांगितलं.

"दोन महिन्यांनी? आम्हाला शिकवू नका, गाडी खोळंबलीय."

तैलरंगाचा जाड थर वरून सुकतो, आत महिनोन्महिने मऊ राहतो. या घरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. बाबांना सांगितलं, तर ते "हो, हो" म्हणाले. मग सुट्टीला आलेला मामेभाऊ ठोंब्या गुपचूप त्या टोकावर जाऊन बसला.

आता ताईने चित्र पेटीतून काढून प्लास्टिक अलगद सोडवलं. आई करायची तसं चौकटीच्या चार कोपऱ्यांवर लाकडी ठोकळे बसवायचे आणि वर पुठ्ठा ठेवायचा, म्हणजे रंगाला काही टेकत नाही. पिटुकली चिकटपट्टी तोडून देत होती.

"हे काय चाललंय?" मुकादम आत आला. मागे बाबा होते.

"नख लावून बघा की कडेला," ठोंब्या म्हणाला.

मुकादमाने लावलं. नख निळं झालं. "वीस वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला. "पोरांनो, आज तुम्ही अब्रू राखलीत."

बाबा मात्र खालच्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथे जाड निळ्यात अंगठ्याचा ठसा होता. आई घाईघाईने चित्र उचलायची, तेव्हा उमटलेला.

"तिचाच," बाबा म्हणाले. मग ठोंब्यापुढे हात केला. "दे टोक. झाकण मी बसवतो."

पुठ्ठा ठेवण्याआधी ताईने आपला अंगठा ठशावर, न टेकवता, धरला. अगदी तेवढाच होता. आईएवढा कधी झाला कोण जाणे! हे आईला सांगायचं राहिलंच. आणि मग ताईला रडू आलं.