चारच्या ठोक्याचा साहेब

"हळू धरा रे! लंबकाचं घड्याळ आहे ते, कलिंगड नव्हे!" भिंतीवरून घड्याळ उतरवणाऱ्या भाचरांवर घड्याळजी मामा ओरडला.

दर सुट्टीत चिमणी, गोट्या आणि ढब्बू ही तिघं याच घड्याळाखाली लोळायची. दुकानभर टिकटिक चाले, उन्हाचा पट्टा फरशीवरून सरके आणि चिमणीला वाटे, आपण तळ्याच्या तळाशी झोपलोय. आज पाच वाजता जुन्या वस्तू घेणारा ते घड्याळ नेणार होता!

"विकतोस कशाला?" तिचा आवाज चिरकला.

"परदेशातल्या स्पर्धेत पंचवीस लाखांचं बक्षीस लागलंय! आधी फक्त फी भरायचीय."

"स्पर्धेत भाग कधी घेतलास?"

"घेतला नाही..." मामा घुटमळला. "पण बक्षिसाचा साहेब रोज चारच्या ठोक्याला फोन करतो! सेकंदाचा फरक नाही. एवढी वेळ पाळणारा माणूस खोटा कसा असेल?"

गोट्याने कपाळावर हात मारला. "डाससुद्धा रोज वेळेवर येतात, मामा!"

"मामीला सांगितलंस?" चिमणीने विचारलं.

"साहेब म्हणाला, कुणाला सांगू नका."

ठण्! दुकानातल्या बाकीच्या घड्याळांत चार वाजले. फोन वाजला. चिमणीने स्पीकर लावला आणि मामाच्या कानात काहीतरी कुजबुजली.

"साहेब," मामा चाचरत म्हणाला, "फी बक्षिसातूनच कापून घ्या ना!"

पलीकडून साहेब खेकसला, "तसा नियम नाही! दहा मिनिटांत भरा, नाहीतर बक्षीस रद्द!"

"आम्ही सगळे ऐकतोय हं!" ढब्बू गरजला. फोन कट!

मामाने फोन बाजूला सरकवला. "घाई केली की स्प्रिंग तुटते, हे मीच सगळ्यांना सांगतो. आणि मीच... कुणाला तोंड दाखवू?"

"सगळ्यांना!" सगळं ऐकून मामी आतून तरातरा आली. "लुच्चेगिरी त्याची, मान तुम्ही का खाली घालता? तुम्ही गप्प बसलात की तो शेजाऱ्याला गाठणार! आत्ता पोलिसांत त्याचा नंबर द्या. पोरांनो, शाबास! तुमच्या मामापेक्षा तुम्हाला जास्त कळतं."

पाचच्या ठोक्याला जुन्या वस्तूंवाला दारात उभा!

"अगदी वेळेवर आलात," मामा हसला. "पण घड्याळ विकायचं नाही."

पुन्हा भिंतीवर टांगलेल्या घड्याळाच्या लंबकाला मामाने बोट लावलं. घड्याळाखाली तिघं केव्हाच आडवी झाली होती. चिमणी पुन्हा तळ्याच्या तळाशी निघाली.