अडवलेला बिल्ड

"नव्या संगणकांसाठी प्रोग्रॅम सुरळीत तयार होतो," मालकीणबाई म्हणाल्या. "जुन्या सिस्टिमसाठी बिल्ड लावला, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करायला घेतला, की एरर. आणि आमचा प्रोग्रॅम वापरणाऱ्या कानतपासणी केंद्रांचे संगणक सगळे जुने. हे कुणीतरी मुद्दाम केलंय."

मास्तरांनी बॅग खाली ठेवली. त्यांची बायको, जिला सगळे बाई म्हणत, अशा भानगडींचा छडा लावायची. निवृत्तीनंतर ते तिच्यासोबत हिंडत.

बाईंनी संगणकाचा पडदा न्याहाळला. "एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला जोडलेला तयार कोडचा संच, बदललीय. तिला लागतात ती फंक्शन्स जुन्या सिस्टिममध्ये नाहीत. एरवी नुसती सूचना येऊन काम पुढे गेलं असतं. इथे कुणीतरी सेटिंग कडक करून बिल्डच अडवलाय."

चौकशीला कंपनीचा विक्रीवाला आधी आला. "केंद्रांनी माझ्याकडून नवे संगणक घेतले तर माझं भलंच. पण कोडमधलं मला ओ की ठो कळत नाही."

कोड लिहिणाऱ्या नव्या मुलीला बाई म्हणाल्या, "ती सेटिंग दाखव." तिने बराच वेळ भलतीकडेच शोधलं.

"जुन्या सिस्टिमचं काम दादाच बघतात," ती ओशाळून म्हणाली. "मला ते शिकवायला त्यांनी परवाच सुरुवात केलीय. आधी हात लावू देत नसत."

दादा म्हणजे मालकीणबाईंचे थोरले भाऊ. ते चष्मा पुसत म्हणाले, "जुनं बंद पडलं तर माझीच नोकरी जाईल. मी कशाला पायावर धोंडा मारून घेऊ?"

"विक्रीवालाच," मास्तर कुजबुजले.

"अहो, घर फोडणारा जाताना कडी लावून जातो का?"

बाईंनी सगळ्यांना बसवलं.

"नासधूसच करायची असती, तर लायब्ररी बदलून सोडून दिलं असतं. प्रोग्रॅम इथे तयार झाला असता आणि केंद्रांवर बंद पडला असता. करणाऱ्याने तेवढं होऊ दिलं नाही. त्याला केंद्रांची काळजी होती. या विक्रीवाल्यांना कोड येत नाही, हिला सेटिंग सापडत नाही. उरले दादा. आणि कुणाला हात लावू न देणारा माणूस एकाएकी शिकवायला बसतो, तो निघायच्या तयारीत असतो."

दादांनी नाकारलं नाही. ते बहिणीकडे वळले. "दमलोय गं. पण तुझ्या वहिनीच्या आजारपणात तू मला सांभाळलंस. आता नको, असं कोणत्या तोंडाने सांगू? वाटलं, बिल्ड अडला की तूच म्हणशील, जुनं बंद करू."

"आणि केंद्रं?"

"आधीची लायब्ररी जपून ठेवलीय. आत्ता बसवतो."

मालकीणबाईंनी नव्या मुलीला पुढे बोलावलं. मग म्हणाल्या, "हिला नीट शिकव. मग घरी बस."

"रागावलीस?"

"रागावेन कधीतरी. आत्ता माझ्याही अंगात त्राण नाही, दादा."