दहीभात राहिला

या, जरा जवळ सरका. दिवा मोठा करायची गरज नाही, ही गोष्ट काही काळोखातली नव्हे. सगळं भर दिवसा घडलं, आणि म्हणूनच ती मला अजून पचत नाही.

देवयानी मूळची सांगलीची. न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला शिकत होती आणि तिथल्याच रोटोटुना भागात एका घराच्या मागच्या खोलीत राहत होती. मुलगी हुशार, पण एक नंबरची खादाड. कुठे जायचं म्हटलं की हिला आधी तिथे खायला काय मिळतं ते हवं. जुन्या इमारतींचं वेड मात्र खरं. युरोपची स्वप्नं बघायची आणि तिकिटाचा आकडा बघून गप्प बसायची. अशात मे महिन्यात आईने पाठवलेला गोडा मसाला आणि मेतकूट मावसबहिणीला पोचवायचं निमित्त झालं. ही मावसबहीण म्हणजे संपदाताई, डुनेडिनच्या हॉस्पिटलात नर्स. शिकायला आली आणि तिथलीच झाली.

"अगं देवू, युरोप युरोप काय करतेस," ती फोनवर म्हणाली होती. "आमचं गाव स्कॉटलंडच्या लोकांनी बांधलंय. वीकेंडला ये. हीप्स ऑफ चर्चेस, तुला हवी तेवढी!"

शनिवारी संपदाताईची दिवसपाळी. तिने डबा भरून दिला, जाड जॅकेट दिलं आणि देवयानी एकटीच फिरायला निघाली. गाव बघून तिचे डोळे विस्फारले हो! काळ्या दगडाचं स्टेशन, त्याला पांढऱ्या दगडाची किनार. टोकदार मनोरे, धुराडी, आणि रस्ते इतके उभे की चढता चढता वेणी मागे ओढते की काय असं वाटावं. हॅमिल्टनला सगळं कसं सपाट आणि कालपरवाचं. इथे दगडाला हात लावला तर आतपर्यंत गारवा. चुलींच्या कोळशाचा वास गल्लीबोळांतून रेंगाळत होता. ती फोटो काढत, दारांवरची नावं वाचत, वाट फुटेल तिकडे चालत राहिली.

दुपारी समुद्राकडून धुकं वर आलं. बघता बघता मनोरे दिसेनासे झाले, गाड्यांचे आवाज दबले. देवयानीला भूक लागली होती, आणि भूक लागली की तिला दुसरं काही सुचत नसे. टेकडीवर एक लोखंडी फाटक दिसलं. आत झाडं, हिरवळ, एक बाक. जुनी दफनभूमी होती ती. कललेले दगड, शेवाळाने बुजलेली नावं. तिला भीतीबिती वाटली नाही, उलट मौजच वाटली. बाकावर बसून तिने डबा उघडला. पोळी, बटाट्याची भाजी, लसणाची चटणी.

पहिला घास घेतला आणि तिला जाणवलं, समोर कुणीतरी उभं आहे.

एक म्हातारी गोरी बाई. अंगात लांब काळा लोकरी कोट, त्याची किनार ओलीचिंब. दगडापाशी उभी राहून ती देवयानीकडे नव्हे, डब्याकडे बघत होती. आता आपल्याकडची सवय तुम्हाला माहीत आहे. आपण जेवत असताना वाटेवरून कुणी गेलं, अगदी पोस्टमन का असेना, तरी तोंडातून शब्द निघतातच. घास तोंडात असतानाच देवयानी म्हणून गेली, "या जेवायला."

आपण म्हणतो आणि समोरचा म्हणतो, "चालू द्या, चालू द्या." संपलं. पण ती बाई आली. हिरवळीवर पावलांचा आवाज झाला नाही. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. ओल्या लोकरीचा वास आला. देवयानी हसली, झाकणात पोळी-भाजी काढून तिच्यापुढे ठेवली. बाईने हात लावला नाही. नुसती वाकून बघत राहिली, खूप वेळ, डोळे न मिटता.

देवयानीने पुढचा घास घेतला. चव नाही. चटणी नुसतीच चाखून बघितली. एवढी लालभडक चटणी, जिभेवर भुसा ठेवल्यासारखी! तिने मान वर केली तेव्हा बाक रिकामा होता. झाकणातली पोळी जशीच्या तशी होती.

संध्याकाळी संपदाताईने हौसेने मिसळ केली. देवयानीने एक चमचा खाल्ला, मग दुसरा. मग वरून लिंबू पिळलं, मीठ घेतलं, हिरवी मिरची कचाकचा चावली. डोळ्यांतून पाणी आलं, पण चव आली नाही.

"ताई, मला काहीच लागत नाहीये गं." आणि तिने दुपारची हकिकत सांगितली.

संपदाताई आधी रागावली. "सिमेट्रीत बसून जेवलीस? कमाल आहे तुझी! आमच्या वॉर्डातल्या माओरी मैत्रिणी ऐकतील तर कपाळाला हात लावतील. मृतांच्या जागी खायचं नसतं, आणि निघताना हातावर पाणी घ्यायचं असतं. घेतलंस?"

"नाही."

"आपल्याकडेसुद्धा पाय धुतल्याशिवाय घरात घेत नाहीत." मग ती एकदम थांबली. "देवू... तू तिला इंग्रजीत बोलावलंस की मराठीत?"

"मराठीतच. तोंडातून गेलं."

"मग तिला कळलं कसं?"

टेबलाला तिसरी खुर्ची होती. संपदाताईने सहज खुर्चीच्या गादीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. खुर्चीची गादी ओली होती. खोलीत हीटर चालू होता, खिडक्या बंद होत्या, आणि गादी ओली होती.

रात्र कशीबशी गेली. सकाळी चहासुद्धा नुसतं गरम पाणी. देवयानी आरशात जीभ बघत बसली आणि तिला रडू फुटलं. हसू नका. तुम्हाला वाटेल, चव गेली तर काय मोठंसं! पण त्या मुलीचं सगळं घर जिभेवर होतं हो. परक्या मुलुखात आईच्या मसाल्याचा एक चमचा आमटीत पडला की तिला सांगली भेटायची. ती चव कायमची गेली तर तिच्यापाशी उरणार काय? पण रडता रडताही तिचं डोकं चालूच होतं.

"ताई, ती खात नव्हती. नुसती बघत होती. नैवेद्य दाखवतो ना आपण? अन्न तसंच राहतं, पण देव जेवला असं म्हणतो. तसं काहीतरी. पण मग ती उठून गेली का नाही? इथपर्यंत का आली?"

संपदाताई विचारात पडली. तिची नर्सची बुद्धी एकीकडे आणि कोल्हापूरचं माहेर एकीकडे. शेवटी माहेर जिंकलं.

"मी डब्यात भात दिला नव्हता," ती हळूच म्हणाली. "मागचा भात झाल्याशिवाय पाहुणा पानावरून उठतो का कधी? तू तिला बोलावलंस आणि अर्ध्या पानावर बसवून ठेवलंस. ती जेवतेच आहे अजून... तुझ्या तोंडातून."

आता यावर हसावं की घाबरावं? दोघींनी थोडं थोडं दोन्ही केलं. मग संपदाताईने कुकर लावला. मऊ भात, कोपऱ्यावरच्या डेअरीतून आणलेलं दही, मीठ, वरून हिंग-मोहरीची फोडणी. हॅमिल्टनचं विमान दुपारचं होतं. त्याआधी दोघी टेकडीवर पोचल्या. धुकं कालच्यासारखंच होतं.

"मी फाटकापाशी थांबते," संपदाताई म्हणाली. "बोलावलंस तू. वाढायचंही तूच."

ती बाई बाकावर बसलेली होती. हात मांडीवर, नजर पुढे. जेवणाऱ्या माणसाला कुणी वाट बघायला लावली तर तो बसेल तशी, थोडी अवघडून. देवयानीला भीती वाटत होती, पण खरं सांगू, कुतूहल त्याहून मोठं होतं. जवळून बघितलं तर चेहरा साधा, सुरकुतलेला, भुकेला. कुणाची कोण, बोटीतून कधी आली, या दगडांपैकी कुठला हिचा? तिला विचारायचं होतं, पण आधी वाढायचं होतं. तिने झाकणात दहीभात वाढला.

"घ्या..." ती पुटपुटली. "सावकाश होऊ द्या."

बाई वाकली. धुक्यात कुठेतरी घंटा वाजत होती, ती वाजायची थांबली. आणि देवयानीने डब्यातला उरलेला भात तोंडात घातला तसं मीठ लागलं! दह्याचा आंबटपणा, मोहरीचा कडवट दाणा, हिंग. तिला इतका आनंद झाला की ती बसल्या जागी हसायला लागली.

बाई उठली. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, अगदी पंगतीतून उठणाऱ्या माणसाचं. ती वळून निघाली. आणि देवयानीने, त्या सुटकेच्या भरात, आपण सगळे जे दारात उभं राहून म्हणतो ते म्हटलं. मनात काही नसताना म्हणतो ते.

"या हं एकदा आमच्या घरी. सांगलीला. आईच्या हाताला फार चव आहे."

बाई थांबली. तिने पहिल्यांदाच डब्यावरची नजर काढून देवयानीच्या डोळ्यांत बघितलं आणि सावकाश होकाराची मान डोलावली.

फाटकाजवळच्या नळावर दोघींनी हात धुतले. "झालं?" संपदाताईने विचारलं. "झालं," देवयानी म्हणाली, आणि विमानतळावर तिने ‘पाय’ नावाच्या, सारण भरून भाजलेल्या दोन पेस्ट्र्या खाल्ल्या. शेवटचं वाक्य तिने ताईला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

सोमवारी कॉलेजातून आल्यावर तिने आईला व्हिडिओ कॉल लावला. इकडे रात्रीचे साडेसात, तिकडे सांगलीत भर दुपार, मेचं ऊन. आईने फोन बरणीला टेकवून ठेवला होता. पडद्यावर नुसता फिरणारा पंखा.

"बोल गं, जेवता जेवता बोलते. आणि हो, तुझ्या कुणी ओळखीच्या आहेत का? गोऱ्या बाई आल्यात. दारात उभ्या होत्या, मी म्हटलं या जेवायला, तर आल्या बाई आत! बोलत काहीच नाहीत. एवढ्या उन्हात कोट घातलाय गं, घामाने नुसता भिजलाय."

देवयानीने फोन दोन्ही हातांनी धरून तोंडाशी नेला.

"आई... आई, ऐक. घरात भात आहे का?"

"भात कुठला? बाबांची शुगर वाढली ना, डॉक्टरांनी सांगितल्यापासून भात बंदच केलाय घरात. का गं?"

"आत्ता लाव! आत्ताच्या आत्ता कुकर लाव, आई!"

पंखा फिरत होता. खुर्ची किंचित सरकल्याचा आवाज आला. मग आई घास चावत असल्याचा, सावकाश, आणि चावता चावता ती थांबल्याचा.

"अगंबाई," आई म्हणाली, "मीठच घातलं नाही वाटतं मी आज."