उपाशी अजगर

अजगराने उपास धरलाय असं कोणी सांगत आलं, की मी फारशी घाई करत नाही. हरमाटान वारा सुटला, हवा कोरडी पडली, की आमच्याकडचे हे लहान जातीचे अजगर कित्येक आठवडे तोंड उघडत नाहीत. पुढे ढग येतात, अंगाला ओल लागते, आणि आपोआप भूकही लागते. मी उंदीर पाळते आणि बाजारात विकते. उइडा गावाच्या वाटेवर ज्यांच्या ज्यांच्या घरी अजगर आहे, ते माझ्याकडेच येतात. सेज्रो माझ्या टपरीवर आला, तेव्हाही मी त्याला हेच सांगितलं.

"पाऊस पडू दे. खाईल."

"मागचा पाऊस पडून गेला की, फिफामेताई," तो म्हणाला. "तेव्हाही खाल्लं नाही."

सेज्रो खाडीत मासे धरायचा. मोठ्या हाडापेराचा, पण बोलायचा असा की कोणीतरी मागे उभं राहून ऐकतंय. अजगर त्याच्या आईचा होता. तिला सगळे दान्सी आई म्हणत. तरुणपणीच नागदेवाला वाहिलेली बाई. ती गेल्या वर्षी गेली, आणि त्या दिवसापासून अजगराने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. असा अजगर घरात उपाशी मेला, तर आमचे जाणते लोक दारात येऊन बसतात. त्याला माणसासारखं पांढऱ्या कापडात पुरतात आणि मग घरातल्या एकेकाला विचारतात, काय झालं?

"एवढे दिवस उपाशी? मग हाडं दिसत असतील," मी म्हटलं.

सेज्रोने मान हलवली. "तू ये. हातात घेऊन बघ."

मी टोपलीत उंदीर घेतले आणि झेमवाल्याच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या, मागे बसून दुपारी त्याच्या घरी पोचले. धुळीमुळे सूर्य पांढरा पडला होता. अंगणात सावली अशी नव्हतीच. पत्र्याच्या छपराला वारा लागायचा आणि पत्रा हळूच दात खाल्ल्यासारखा करकरायचा.

सेज्रोची बायको याबो चुलीपाशी बसून जेवत होती. मी नमस्कार केला. तिने घास गिळला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आली का उंदीरवाली! टोपली तिकडे ठेव. माझ्या जेवणावर धरू नकोस."

लग्नात मी हिला पाहिली होती. तेव्हा हिच्या हातात कडं शिरत नव्हतं. आता गळ्याची हाडं वर आली होती आणि दंड काठीसारखा झाला होता. समोर मात्र पाच माणसांचं अन्न. पानातला आकासा फोडायची, मक्याचा तो पांढरा गोळा लाल तेलातल्या माशाच्या कालवणात बुडवायची, गिळायची, आणि हात पुन्हा ताटात.

"बरी आहेस ना?" मी विचारलं.

"तू अजगर बघायला आलीस. मला बघू नकोस."

दान्सी आईची खोली अंगणाच्या टोकाला होती. सेज्रोने दार ढकललं, पण तो स्वतः उंबऱ्याबाहेरच थांबला. आत खिडकी बंद, चटई गुंडाळलेली, जमिनीवर मातीचं रुंद मडकं. वास मात्र चुकीचा होता. अजगराच्या खोलीला कोरड्या पाल्याचा वास येतो. इथे जेवण उठल्यावर ताटं तशीच ठेवली की येतो, तसा वास कोंडला होता.

"बाबा, मी आले हं," मी म्हटलं. अजगराला आम्ही नावाने हाक मारत नाही. मग मडक्यात हात घातला.

तो उचलता उचलता माझं मनगट लचकलं.

वर्षभर उपाशी राहिलेला अजगर ओल्या दोरासारखा लोंबतो, पाठीचा कणा बोटांना टोचतो. हा घट्ट होता. गरम होता. नुकताच पोटभर जेवून उठल्यासारखा भरलेला. घाबरला की या जातीचा अजगर डोकं लपवून अंगाचा गोळा करतो. याने डोकं वर ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

मला वाटलं, हा रात्रीबेरात्री बाहेर जाऊन शिकार करत असेल. तरी मी माझं काम केलं. मडक्याखाली कोमट वीट ठेवली, त्यावर पाला पसरला, उंदीर सोडला, दार ओढून घेतलं आणि बाहेर बसले. बऱ्याच वेळाने डोकावले. उंदीर अजगराच्या अंगावर बसून मिशा पुसत होता. मग कोंबडीचं पिलू ठेवून पाहिलं. त्याच्याकडेही अजगराने ढुंकून पाहिलं नाही. आणि एवढ्या वेळात चुलीपाशी याबोचं जेवण चालूच होतं. ताट संपलं की ती दुसरं वाढून घ्यायची.

पोटात गाठबिठ आहे का ते बघावं, म्हणून मी त्याला मांडीवर घेतला आणि पोटावरून बोटं फिरवली. मधोमध काहीतरी मऊ होतं. मी जरा दाबलं. त्याचं अंग आकसलं, जबडा फाकला, आणि त्याने माझ्या लुगड्यावर सगळं ओकलं.

आकासा होता तो. लाल तेलात माखलेला, चावलेला. त्यात माशाचा काटा, मिरचीचं साल. अजून गरम... वाफ निघत होती.

त्याच क्षणी अंगणातून याबो ओरडली, "सेज्रो! पोटात खड्डा पडला रे... वाढ, लवकर वाढ!"

मी अजगराला परत मडक्यात ठेवलं. उंबऱ्यापाशी जाऊन लुगड्याचा तो भाग सेज्रोसमोर धरला. त्याने बघितलं आणि नजर वळवली. त्याला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्यांदा काटा सापडला... मडक्यात." तो कुजबुजला. "ती किती खाते ते तू पाहिलंस. ते तिच्या अंगी लागतच नाही. अजगराने स्वतःचं काही खाल्लं, तर हिचं हिच्याकडे राहील, असं वाटलं. म्हणून तुला..."

"तुझी आई कशाने गेली?"

उत्तर मागून आलं. याबो ताट घेऊनच येऊन उभी होती.

"म्हातारपणाने गेली. तुला उंदीर चारायला बोलावलंय की चौकशी करायला?"

"जेवत होती का शेवटी?"

"तिला भूकच नव्हती."

"भूक नव्हती, की ताट नव्हतं?"

याबोने ताट माझ्या पायाशी आपटलं. "तू कोण गं विचारणारी? अंथरुणात सगळं करायची ती! चारलं की धुवायचं, पुन्हा चारायचं, पुन्हा धुवायचं. हा तिचा लाडका लेक खाडीवर, आणि मी इथे तिचं गू काढत! कमी दिलं थोडं. दिलं कमी! तुझी सासू असती तर तू काय केलं असतंस?"

सेज्रो खाली बघत राहिला. त्यालाही हे माहीत होतं. खोलीत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. अजगर मडक्यातून निघून उंबऱ्याकडे आला होता. माझ्याकडे नाही, सेज्रोकडे नाही. तो याबोच्या तोंडाकडे टक लावून होता.

मला ती बाई आवडली नव्हती. तरी डोळ्यांदेखत वाळत मरू द्यावी, एवढीही नावडती नव्हती.

"माझ्या हातचं तो घेणार नाही," मी म्हटलं. "तू दे. सासूला जसं द्यायला हवं होतंस तसं. बसून, दोन्ही हातांनी."

"मी त्या जनावरापुढे गुडघे टेकू?"

"नको टेकू. खात बस."

तिने मला दिलेल्या शिव्या मी इथे सांगत नाही. पण ती बसली. ओंजळीत उंदीर धरून तिने हात पुढे केले.

"घ्या," ती पुटपुटली. आणि मग, दात आवळून, "घ्या, आई."

झडप मला दिसलीसुद्धा नाही. उंदीर त्याच्या विळख्यात होता. त्याने सावकाश डोक्याकडून सुरुवात केली. सेज्रोने मोठा श्वास सोडला, माझ्याही खांद्यांवरचं ओझं उतरलं. मी हसून याबोकडे वळले.

तिचा जबडा हलत होता. अजगराचा गळा ताणला की तिचा गळा ताणायचा. तो आवळला की हिच्या मानेतून काहीतरी सावकाश खाली उतरायचं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेपूट आत गेलं, तेव्हा तिने हाताच्या उलट्या बाजूने ओठ पुसले.

"भरलं..." ती म्हणाली. ती पहिल्यांदाच हसली, लहान मुलीसारखी. "सेज्रो, पोट भरलं रे माझं."

मी टोपली उचलली आणि मागे वळून न बघता निघाले.

त्यानंतर सेज्रो दर बाजाराला उंदीर न्यायचा. अजगर खातो म्हणायचा. याबो सुधारली म्हणायचा. पावसाळ्यात अजगर म्हातारपणाने मेला. जाणते लोक आले, कोणाला काही विचारायची गरज पडली नाही, पांढऱ्या कापडात त्याला पुरलं. मीही गेले होते. याबो ओळखू येत नव्हती. अंग भरलेलं, कातडी तुकतुकीत. अंगणातल्या चुलीत गवत उगवलं होतं.  ती पापणीही न हलवता माझ्याकडे बघत राहिली.

पुढच्या बाजाराला सेज्रो टोपली घेऊन टपरीसमोर उभा.

"दुसरा अजगर आणलात?" मी विचारलं.

"नाही."

 अजगर नाही, तर घरच्या जेवणाला हवे असतील, म्हणून मी मारून ठेवलेल्या उंदरांची जुडी पुढे केली. त्याने ती हळूच परत सारली. आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, हे पाहिलं.

"जिवंत दे, ताई," तो म्हणाला. "मेलेले ती... घेत नाही."