इंजिनाचा कान

त्या दिवशी मी मीठ मागायला गेले होते. खरं सांगते, मीठ घरात होतं. पण कासमभाईंच्या गॅरेजात एकच पांढरी गाडी चार दिवस बॉनेट उघडून उभी होती, आणि मला राहवेना. त्यांच्या घरच्या, सरदारबी, होत्या तेव्हाही मी अशीच वाटी घेऊन जायची. त्या ओळखून हसायच्या. "सिंधू, तुझ्या घरात मीठ टिकतच न्हाई व्हय गं?" म्हणायच्या आणि ओंजळभर मीठ द्यायच्या.

आमच्या दोन घरांत भिंत म्हणून एकच लांब पत्रा. पलीकडं त्यांचं गॅरेज आणि मागची खोली, अलीकडं माझं स्वयंपाकघर. दुपारी एकला सरदारबी उलथन्यानं पत्रा वाजवायच्या. टक टक टक... टक. जेवायला या. कंप्रेसरपायी कासमभाईंचे कान अधू झालेले, जवळचं बोलणं तेवढं कळायचं; ते तळहात पत्र्याला लावून ओळखायचे आणि पान्यानं दोनदा ठोकायचे. म्हणजे, आलो. मगच सरदारबी ताट वाढायच्या. एकदा वाढलं की माणूस येईपर्यंत तिथून हलायच्या नाहीत.

२००७ सालच्या थंडीत त्या गेल्या. मुलगा अजीम दौंडला रेल्वेत. त्याचा रोज फोन, की अब्बा, गॅरेज बंद करा, इकडं या. कासमभाईंचा पाय त्या खोलीतून निघत नव्हता. शेवटी त्यांनी शब्द दिला, ही गाडी उमगली तर राहीन, नाहीतर येतो.

गाडी तळेगाव ढमढेऱ्याच्या मच्छिंद्रची. सकाळीच तो टोमणा मारून गेलेला. "भाई, माझ्या दारात गाडी लई गुणाची. तुमच्या दारात आली की बिघाडाचा दिवा लागतो. तुमच्यावर रुसलीय का काय?"

मी गेले तेव्हा लाईट गेलेली. पंखा बंद, कंप्रेसर बंद. ऑइलचा वास कोंडलेला.

"बरं झालं आलात वैनी," कासमभाई म्हणाले. "ह्यो बघा नॉक सेन्सर. इंजिनाचा कानच म्हणा. आत ठोका पडला की ह्यो ऐकतो आन् गाडीला सांगतो. नवा घातला, वायर तपासली, समदं ठीक. तरी दिवा लागतो. मी पान्यानं ठोकतो, तुम्ही मीटरचा आकडा बघा. मला बारीक दिसत न्हाई."

त्यांनी सेन्सरची वायर गाडीतून सोडवून मीटरला जोडली. इंजिनावर पाना टेकला की आकडा शून्यावरून उडी मारायचा. "हलला!" मी ओरडायची. मला तर मौज वाटायला लागली.

मग त्यांनी पाना खाली ठेवला. "आता मी ठोकत न्हाई. गाडी बंद हाय. आता हलला, तर सांगा."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला.

आकडा हलला. तीनदा. थांबला. मग एकदा.

कसलाही आवाज नव्हता. भाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. पुन्हा तीनदा... मग एकदा.

"हलला का, वैनी?"

हो म्हटलं असतं, तर त्याच पत्र्याला उशी लावून मला रोज एकटीला झोपायचं होतं.

"न्हाई..."

"नीट बघा." ते मीटरकडं बघतच नव्हते. मागच्या खोलीच्या दाराकडं बघत होते.

"न्हाई हो भाई... शून्यच हाय."

त्यांनी वायर मीटरमधून सोडवली. मग हळूच म्हणाले, "मग हितं कुणी न्हाई."

संध्याकाळी त्यांनी अजीमला फोन केला. तिसऱ्या दिवशी शटरला कुलूप लागलं. मच्छिंद्र सांगतो, त्याच्या गाडीचा दिवा पुन्हा कधी लागला नाही.

कुलूप लागल्याच्या दुसऱ्या दिवशी एकला मी भात उपसत होते. पत्रा वाजला. टक टक टक... टक. मग थांबला, कुणी कान लावून वाट बघावी तसा. मग पुन्हा. असं आठ दिवस. भीती होतीच, पण त्याहून लाज जास्त होती. माझ्या एका 'न्हाई'नं ती बाई ताट न वाढता ताटकळत होती.

नवव्या दिवशी मी उलथनं उचललं आणि पत्र्यावर दोनदा ठोकलं.

लगेच सगळं शांत झालं. मला हायसं वाटलं. इतक्यात पलीकडून भाकरीचा वास आला. ताज्या, करपत्या पापुद्र्याचा.

पत्र्याला एक खिळ्याचं भोक आहे, मला ते आधीपासून माहीत. डोळा लावला. बंद खोली, जमिनीवर धूळ. धुळीत पाऊल एकही नाही. मधोमध पाट आणि ताट मांडलेलं. भाकरीतून वाफ निघत होती.

आधी वाटलं, भाईंचंच ताट. मग नीट पाहिलं. ताटात भाकरीशेजारी ओंजळभर मीठ होतं.

आज चौथा दिवस. पत्रा वाजलेला नाही. वाफ अजून निघतेच आहे.